‘सेन्सिटिव्ह’ला मराठीत काय म्हणायचं? दर वेळी ‘संवेदनशील’ नको

प्रश्न थोडक्यात असा: जळगावातल्या एका दवाखान्याची माहितीपत्रकं आणि शेती औषधांची काही लेबलं इंग्रजीतून मराठीत करायची आहेत. दोन्हीकडे ‘सेन्सिटिव्ह’ हा शब्द पानोपानी येतो. सगळीकडे ‘संवेदनशील’ लिहून चालेल का? नसेल चालत, तर कुठे काय लिहायचं?

नाही चालत. काही ठिकाणी ते नुसतं कानाला खटकतं, पण एक-दोन ठिकाणी त्याने अर्थ चक्क उलटा होतो, आणि त्यातली एक जागा औषधोपचाराची आहे.

मूळ इंग्रजी शब्द एवढंच सांगतो की थोडंसं काही झालं तरी या वस्तूत, पिकात किंवा माणसात फरक पडतो. तो फरक भल्याचा की वाईटाचा, हे तो सांगत नाही. पुढचा-मागचा मजकूर बघून वाचणाऱ्याने ते ओळखायचं असतं. मराठीला अशी मोघम बात जमत नाही. आपल्याकडे हे काम विशेषणापेक्षा क्रियापद करतं: सोसत नाही, मानवत नाही, बाधतं, झोंबतं, जिव्हारी लागतं, दाद देतं, लगेच टिपतं. म्हणून ‘सेन्सिटिव्ह’ दिसला की आधी दोन प्रश्न विचारायचे: कशाने? आणि मग काय होतं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे तुमचा मराठी शब्द.

धोक्याच्या जागेपासून सुरुवात करू. लघवीत, जखमेच्या पुवात किंवा रक्तात जंतू सापडले की ‘कल्चर-सेन्सिटिव्हिटी’ तपासणी सांगतात. प्रयोगशाळेत आधी जंतू वाढवतात. मग आगरच्या (जंतू वाढवायच्या जेलीच्या) थराने भरलेल्या बशीत ते पसरून वर निरनिराळ्या प्रतिजैविकांच्या छोट्या चकत्या ठेवतात. रात्रभरात ज्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत, तिथे स्वच्छ कडं दिसतं. त्या कड्याचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून तक्त्याशी ताडतात आणि औषधापुढे एस, आय किंवा आर लिहितात. नमुना दिल्यापासून रिपोर्ट हातात यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. यातला ‘एस’ म्हणजे सेन्सिटिव्ह, आणि तो आहे जंतू. म्हणजे औषध त्याच्यावर चालतं.

आता याच रुग्णाच्या केसपेपरवर वर लिहिलेलं असतं, ‘पेशंट सेन्सिटिव्ह टू पेनिसिलिन’. इथे सेन्सिटिव्ह आहे माणूस, आणि अर्थ बरोबर उलटा: हे औषध द्यायचं नाही. दोन्ही वाक्यांचं ‘पेनिसिलिनला संवेदनशील’ असं भाषांतर करून एकाखाली एक ठेवा. एका ओळीत औषध द्या असं सांगितलंय, दुसरीत देऊ नका असं, आणि शब्द मात्र तोच. रुग्णाच्या घरच्यांचा गोंधळ तर होतोच, पण रिपोर्टवर ‘अमिकासिन – सेन्सिटिव्ह’ वाचून ‘आमच्या आईला हे इंजेक्शन सोसत नाही’ असं नातेवाईक सांगू लागतात आणि चालणारं औषध विनाकारण बाजूला पडतं.

लिहायचं असं. रिपोर्टसाठी: ‘या जंतूंवर अमुक औषध लागू पडते.’ किंवा ‘हे जंतू अमुक औषधाला दाद देतात’. आर असेल तिथे ‘दाद देत नाहीत’. माणसासाठी: ‘रुग्णाला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे. देऊ नये.’ आणि त्यापुढे काय झालं होतं तेही: अंगावर गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, की दम लागला. नुसतं ‘अ‍ॅलर्जी’ लिहिलं की मळमळ झाली तेही त्यात धरलं जातं, आणि मळमळ ही बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी नसते, ते औषध पोटाला मानवलेलं नसतं.

मधल्या ‘आय’चं भाषांतर करताना रिपोर्टवर कोणत्या संस्थेची प्रमाणं वापरली आहेत ते पाहा. अमेरिकी पद्धतीत तो ‘मधला’ गट आहे. युरोपीय पद्धतीत 2019 पासून त्याचा अर्थ ‘वाढीव मात्रेत लागू पडते’ असा केला आहे. ‘मध्यम संवेदनशील’ असं लिहिलं तर दोन्हीपैकी काहीच कळत नाही. आणखी एक. काही रिपोर्टांत औषधापुढे एमआयसीचा, म्हणजे जंतूंची वाढ थांबवायला लागणाऱ्या कमीत कमी मात्रेचा, आकडा असतो. दोन वेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी ताडून ‘ज्याचा लहान ते भारी’ असं ठरवता येत नाही, प्रत्येक औषधाची रेघ वेगळी असते. माहितीपत्रकात हे एक वाक्य जरूर घाला, कारण घरोघरी तीच चूक होते.

क्षयरोगातही हेच. ‘ड्रग-सेन्सिटिव्ह टीबी’ला सरकारी मराठीत ‘औषध संवेदनशील क्षयरोग’ म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी जास्तच वाईट आहे. खरं तर हाच बरा होण्यातला सोपा प्रकार: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन, असा सहा महिन्यांचा ठरलेला उपचार. ‘नेहमीच्या औषधांना दाद देणारा क्षयरोग’ म्हटलं की रुग्णाचा चेहरा लगेच वेगळा दिसतो.

तपासणीच्या पत्रकात आणखी एक ‘सेन्सिटिव्हिटी’ येते, तिचा वरच्याशी काही संबंध नाही. ‘या टेस्टची सेन्सिटिव्हिटी 90 टक्के’ म्हणजे खरोखर आजार असलेल्या शंभर जणांपैकी नव्वद जण ही तपासणी पकडते, दहा सुटतात. तिची जोडीदार ‘स्पेसिफिसिटी’: आजार नसलेल्या शंभरांपैकी किती जणांना ती ‘नाही’ असंच सांगते. पाठ्यपुस्तकात संवेदनशीलता आणि विशिष्टता हे शब्द ठीक आहेत. लोकांसाठी ‘आजारी किती सापडतात’ आणि ‘निरोग्यांपैकी किती जणांना बरोबर नाही सांगते’ असं लिहा. आकड्यांचा फसवेपणा दाखवायला एक कल्पित हिशेब पुरेसा आहे. हजार वस्तीच्या गावात वीस जण आजारी. तपासणीची सेन्सिटिव्हिटी 90 आणि स्पेसिफिसिटी 95 टक्के. विसांतले अठरा सापडले. उरलेल्या 980 निरोग्यांपैकी 49 जणही ‘पॉझिटिव्ह’ आले. एकूण 67 पॉझिटिव्ह, त्यात खरे आजारी 18, म्हणजे चारातला एक. ‘90 टक्के संवेदनशील’ वाचून लोक समजतात की पॉझिटिव्ह आला म्हणजे 90 टक्के आजार आहेच.

नंदुरबार-धुळ्याच्या सातपुडा पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी चालते, तिथे हे पावलोपावली लागतं. पहिली स्वस्त चाचणी सोल्युबिलिटीची. ती वाहक कोण आणि प्रत्यक्ष रोगी कोण हे वेगळं करून सांगत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक असतं, त्यामुळे तिथे ती फसूही शकते. म्हणून पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते. पावरी आणि भिली बोलणाऱ्या घरांसाठी तुमचं पत्रक कोणीतरी मोठ्याने वाचून सांगणार आहे. ‘प्राथमिक चाचणीची संवेदनशीलता’ हे शब्द त्याच्या तोंडी देऊ नका. ‘पहिल्या तपासणीत शंका आली, पक्कं दुसरीत कळेल’ एवढं पुरतं.

दवाखान्याच्या बाकीच्या जागा सोप्या आहेत, कारण मराठीत शब्द तयारच आहेत. ‘सेन्सिटिव्ह टीथ’: दाताला थंड-गरम लागतं. ‘संवेदनशील दात’ फक्त टूथपेस्टच्या डब्यावर राहतात. पण नीट लिहायचं तर कळ किती वेळ राहते हे विचारा. थंड पाणी लागलं, सण्‌कन कळ गेली आणि काही सेकंदांत थांबली, तर दाताचं आवरण झिजलं असेल किंवा हिरडी खाली सरकली असेल. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टने त्याला आराम पडतो, पण नियमित वापरून काही आठवडे जावे लागतात. दोन दिवसांत ‘गुण नाही’ म्हणून लोक सोडून देतात. कळ मिनिटभर रेंगाळते, रात्री ठणका लागतो, तर मामला आतल्या नसेचा आहे आणि पेस्टने भागणार नाही. हे दोन्ही ‘सेन्सिटिव्ह’च. मराठीत एक ‘कळ’ आणि दुसरा ‘ठणका’, म्हणजे भाषेनेच अर्धं निदान केलं. आंबट कैरीने दात ‘आंबतात’, तो प्रकार तिसरा.

कातडीसाठी ‘नाजूक’ आणि ‘हुळहुळी’ हे वेगळे शब्द आहेत. जन्मजात तशीच असते ती नाजूक. उन्हाने, भाजल्याने, घासल्याने कापड लागलं तरी आग होते, तेव्हा ती हुळहुळते. ‘सेन्सिटिव्ह टू टच’ला ‘हात लावला तरी दुखतं’. उलट बाजूला ‘लॉस ऑफ सेन्सेशन’ला ‘बधिर’: कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो, मधुमेहात पाय बधिर होतात. भुसावळचा मे महिना, 45 अंशांच्या घरातलं तापमान आणि तापलेली फरशी डोळ्यासमोर आणा. ‘पायांची संवेदनशीलता कमी झाल्यास अनवाणी चालू नये’ यापेक्षा ‘पाय बधिर झाले असतील तर चटका कळत नाही, फोड आल्यावरच दिसतो; घरातही चप्पल घाला’ हे वाक्य जास्त कामाचं आहे.

उन्हाचाच दुसरा प्रकार ‘फोटोसेन्सिटिव्हिटी’. डॉक्सिसायक्लिनसारखी औषधं चालू असताना नेहमीच्या उन्हानेही कातडी भाजल्यासारखी लाल होऊ शकते. ‘प्रकाश-संवेदनशीलता संभवते’ हे वाचून शेतातली बाई दिवा मालवेल. ‘हे औषध चालू असेपर्यंत ऊन सोसणार नाही, अंग झाकून काम करा, शक्यतो सकाळी-संध्याकाळी’ असं लिहा.

औषध साठवण्याच्या सूचनांत तर ‘कशाने’ हा प्रश्न विचारल्याशिवाय गतच नाही. ‘टेम्परेचर-सेन्सिटिव्ह’ म्हणजे उष्णतेने बिघडणारं, की थंडीने? तोंडावाटे द्यायची पोलिओ लस उष्णतेने निकामी होते. हिपॅटायटिस-बी, पेंटाव्हॅलंट, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लशी गोठल्या की निकामी होतात. दोन्ही ‘तापमान-संवेदनशील’च, पण एकीची भीती उन्हाची, दुसरीची फ्रीजरची. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्याला चिकटवून नाही. गोठलं तर टाकून द्यायचं, वितळवून वापरायचं नाही.

आता शेती. ‘केळी थंडीस संवेदनशील पीक आहे’ असं डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रात येतं. रावेर-यावलचा शेतकरी म्हणतो, ‘केळीला थंडी सोसत नाही.’ त्याच्या वाक्यात जास्त माहिती आहे, आणि पुढचं ‘मग काय होतं’ त्याला तोंडपाठ असतं: पारा बारा-तेरा अंशांखाली रेंगाळला की नवीन पान यायचा वेग मंदावतो, निसवणीला आलेल्या झाडात घड अडकतो, बाहेर पडला तर वाकडातिकडा. काढलेली केळी 13 अंशांखालच्या कोठीत ठेवली तर सालीखाली तपकिरी रेषा पडतात आणि नंतर ती धड पिवळी होत नाही. पण हीच केळी ‘इथिलिन-सेन्सिटिव्ह’ही आहे. तिथे सोसण्याचा प्रश्नच नाही. पिकवण्याच्या खोलीत हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग इथिलिन, म्हणजे अगदी नाममात्र, सोडलं तरी घड पिकायला लागतो. थंडी सोसत नाही आणि इथिलिनला लगेच दाद देते. एकाच फळाची दोन वाक्यं, इंग्रजीत विशेषण एकच.

कपाशीचं उदाहरण लेबलांसाठी महत्त्वाचं आहे. ‘कॉटन इज हायली सेन्सिटिव्ह टू 2,4-डी’ या वाक्याचं ‘कापूस 2,4-डी साठी अतिसंवेदनशील आहे’ हे भाषांतर वाचून एखाद्याला वाटेल, कपाशीवर हे तणनाशक छान लागू पडतं. अर्थ असा आहे की शेजारच्या मक्यात किंवा ऊसात फवारलेल्या टू-फोर-डीचा नुसता वारा लागला तरी कपाशी बिघडते. पानं पसरट राहत नाहीत, भेंडीच्या पानासारखी चिरत जाऊन बोटांसारखी अरुंद होतात, शिरा जवळ येतात, फुलं-पात्या गळतात. कित्येकदा दोष वाऱ्याचा नसतोच, पंपाचा असतो. आदल्या दिवशी ज्या पंपाने तणनाशक मारलं त्याच पंपाने कपाशीवर कीटकनाशक मारलेलं असतं. साध्या पाण्याने दोनदा खळबळून हे औषध जात नाही. नळी, गाळणी आणि नोझलमध्ये उरलेला अंशही पुरतो. तणनाशकाचा पंप वेगळा ठेवणं हाच खात्रीचा उपाय, आणि लेबलवर ‘अतिसंवेदनशील’ऐवजी हेच छापायला हवं: ‘कपाशीजवळ फवारू नका. हा पंप कपाशीला वापरू नका.’

रोगांच्या बाबतीत कृषी साहित्यात ‘संवेदनशील वाण’ दिसतं. तिथे ‘बळी पडणारं वाण’ म्हणा, विरुद्ध ‘प्रतिकारक वाण’. पाण्याच्या बाबतीत ‘संवेदनशील अवस्था’ म्हणजे ज्या वेळी पाण्याचा ताण सोसत नाही ती वेळ. हरभऱ्याला फुलोरा आणि घाटे भरण्याचा काळ.

यंत्राकडे वळलं की सोसण्याची भाषा संपते आणि टिपण्याची सुरू होते. सराफाचा काटा ‘सेन्सिटिव्ह’ आहे म्हणजे तो बारीक फरक टिपतो. पंख्याचा वारा लागला तरी आकडा हलतो, म्हणून त्याला काचेची पेटी. छापील विज्ञानात ‘सूक्ष्मग्राही’, ‘संवेदनक्षम’ हे शब्द चालतात. एक भेद मात्र पाळा: बारीक टिपणं वेगळं आणि बरोबर सांगणं वेगळं. मिलिग्रॅमचा फरक दाखवणारा काटा एकूण वजन पन्नास मिलिग्रॅमने चुकवत असू शकतो. प्रमाणित वजन मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांत ठेवून पाहिलं की कळतं. ‘संवेदनशील’ लिहिलं की गिऱ्हाईक दोन्ही गृहीत धरतं. विजेच्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) तर आकडा उलटा चालतो: 30 मिलिअँपिअरचा 300वाल्यापेक्षा जास्त सेन्सिटिव्ह, कारण तो थोड्या गळतीलाच पडतो. माणसाच्या जिवासाठी 30चा लावायचा. 300चा आगीपासून राखायला असतो, शॉकपासून तो वाचवत नाही. ‘उच्च संवेदनशीलता’ वाचून कोणी मोठा आकडा मागू नये, म्हणून आकडाच लिहा.

माणसाच्या स्वभावाबद्दल लिहिताना मराठीत ‘संवेदनशील’ ही शाबासकी आहे. संवेदनशील अधिकारी म्हणजे दुसऱ्याचं दुःख ज्याला कळतं तो. इंग्रजीतलं ‘यू आर टू सेन्सिटिव्ह’ ही तक्रार आहे, तिथे ‘फार मनाला लावून घेतोस’. रडू लवकर येतं तो हळवा, राग लवकर येतो त्याच्या नाकावर राग, टीका खपत नाही त्याला बोलणं लगेच झोंबतं. धुळ्याकडच्या अहिराणीत ‘त्याले जराबी बोलेल सहन व्हत नही’ म्हटलं की यातले शेवटचे दोन्ही आले. विषय ‘सेन्सिटिव्ह’ असेल तर ‘नाजूक’. गावाला मात्र ‘संवेदनशील’ म्हणताना हात आखडता घ्या. बातमीत त्याचा अर्थ ‘इथे दंगल होऊ शकते’ असा होतो आणि तो शिक्का वर्षानुवर्षं निघत नाही. निवडणूक आयोगाच्या इंग्रजीत मतदान केंद्रांसाठी आता ‘क्रिटिकल’ शब्द आहे, मराठी बातम्यांत अजून ‘संवेदनशील’ आणि ‘अतिसंवेदनशील’च चालू आहे.

मग हा शब्द ठेवायचा कुठे? जिथे कायद्याने तो बांधून घेतलाय तिथे. यावल किंवा अनेर अभयारण्याच्या संदर्भात ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ हे नाव आहे, ते बदलू नका. खाली एक ओळ घाला की इथे काही कामांना बंदी, काहींना परवानगी घेऊन मुभा आणि काहींना प्रोत्साहन असतं. ‘संवेदनशील’ म्हणजे जमीन गेली, असा समज लगेच पसरतो. 2011 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतली ‘संवेदनशील व्यक्तिगत माहिती’ तशीच ठेवा. त्यात पासवर्ड, बँक खातं आणि कार्डाचे तपशील, शारीरिक-मानसिक आरोग्य, लैंगिक कल, वैद्यकीय नोंदी, बायोमेट्रिक हे येतं. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात हा वेगळा वर्ग केलेला नाही, तेव्हा जुन्या फॉर्मचा मजकूर नव्यात उचलताना बघून घ्या. शेअर बाजारातली ‘किंमत संवेदनशील माहिती’ही तशीच राहू दे, फुटली की भाव हलेल अशी ती माहिती. जाता जाता, ‘सेन्सेक्स’मधला ‘सेन्स’ म्हणजे हाच ‘सेन्सिटिव्ह’: तीस कंपन्यांचा, 1978-79 हे पायाभूत वर्ष धरलेला ‘सेन्सिटिव्ह इंडेक्स’.

‘केस-सेन्सिटिव्ह’ पासवर्डला मराठी विशेषण शोधत बसू नका. देवनागरीत मोठी-लहान लिपीच नाही, तर शब्द येणार कुठून? ‘इंग्रजी मोठी आणि लहान अक्षरं वेगळी धरली जातात’ हे सरळ वाक्य द्या.

लिहिताना ‘संवेदनाशील’ करू नका, ‘संवेदनशील’ बरोबर. आणि हिंदी पत्रकावरून मराठी करत असाल तर ‘संवेदना’ या शब्दापाशी थांबा. हिंदीत ‘संवेदना व्यक्त करना’ म्हणजे मयताच्या घरी दुःखात सहभागी होणं. मराठीत तिथे सहवेदना किंवा शोक लागतो.